वाघूळ आणि वागळी : पंख सारखे, मग नाते किती?

वेंगुर्ले तालुक्यातील एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या नववीच्या वर्गातील एका मुलाने वहीत वटवाघूळ आणि पाकट मासा यांची चित्रे शेजारीशेजारी काढली आणि विचारले, "माझी आजी पाकटाला वागळी म्हणते, म्हणजे ते समुद्रातले वाघूळच ना?" बाईंना तीन गोष्टी हव्या आहेत : या दोघांत काही नाते आहे का, दोघांचे पंख हा एकच अवयव मानायचा का, आणि माणसाला धोका अधिक कोणापासून आहे. मी तीस वर्षे प्राणिशास्त्र शिकवले आणि त्यातील बराचसा काळ रापणीत, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यात, येणारे मुशी (शार्क) आणि पाकट पाहण्यात आणि देवरायांतील वाघळे मोजण्यात घालवला. त्यामुळे या प्रश्नाला दोन ओळींत उत्तर देणे मला जमणार नाही.

तुलना करायची तर आधी जाती निश्चित कराव्या लागतात. "वाघूळ" म्हटले तर भारतात सव्वाशेहून अधिक जाती आहेत आणि त्यांत अंगठ्याएवढ्या पाकोळ्याही येतात. मुलाच्या चित्रातील प्राण्याचे तोंड कोल्ह्यासारखे लांबट आहे, कान साधे आहेत आणि शेपूट नाही, म्हणजे ते आपल्या वडा-पिंपळांवर दिवसाढवळ्या लटकलेले दिसणारे मोठे फळवाघूळ आहे. त्याचे शास्त्रीय नाव पूर्वी टेरोपस जायगँटिअस असे लिहीत, आता टेरोपस मेडियस असे लिहितात. पाकटासाठी मी शेपटीच्या खालच्या बाजूला रुंद, काळपट झालर असलेली जात घेतो. तिचे नाव पास्टिनाकस सेफेन. फोर्सकाल या निसर्गशास्त्रज्ञाने तांबड्या समुद्रातील नमुन्यांवरून केलेले तिचे वर्णन १७७५ साली प्रसिद्ध झाले. हा पाकट उथळ समुद्रात राहतो, खाडीत शिरतो, वेळप्रसंगी नदीच्या गोड्या पाण्यातही वर चढतो, त्यामुळे कोकणातील मुलाला तो दिसण्याची शक्यता बरीच आहे.

आता आकडे पाहू. फळवाघळाचे पंख ताणून मोजले तर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सव्वा ते दीड मीटर भरतात आणि एवढ्या पसाऱ्याच्या प्राण्याचे वजन सहाशे ग्रॅम ते दीड किलोच्या आसपास असते. झालरवाल्या पाकटाची तबकडी, म्हणजे डोके, धड आणि पर (पोहण्याचे पंख) मिळून झालेले चपटे अंग, जास्तीत जास्त १.८ मीटर रुंद झाल्याच्या नोंदी आहेत आणि अशा थोराड माशाचे वजन अडीचशे किलोपर्यंत जाते. रुंदीत फरक हातभरसुद्धा नाही, वजनात मात्र शंभरपटीहून अधिक. या एका तफावतीतूनच पुढचे बरेचसे स्पष्टीकरण निघते. हवा पाण्याच्या मानाने सुमारे आठशे पटींनी विरळ आहे. वाघळाला प्रत्येक क्षणी स्वतःचे वजन हवेवर उचलून धरावे लागते, म्हणून त्याच्या शरीरात जड काही ठेवून चालत नाही. पाकटाचा भार मुख्यतः पाणीच वाहते. त्याला बांगड्यासारखा वाताशय (तरंगण्यासाठीची हवेची पिशवी) नसतो, पण मोठे तेलकट यकृत असते. तरीही तो पाण्यापेक्षा किंचित जडच राहतो आणि हालचाल थांबवली की तळाला टेकतो. त्याला ते सोयीचेच आहे, कारण दिवसाचा बराच वेळ तो वाळूखाली अंग झाकून पडलेला असतो.

पंखांच्या प्रश्नावर मी जरा जास्त वेळ घेणार आहे, कारण पाठ्यपुस्तकात हा भाग दोन व्याख्यांत उरकला जातो. विजेच्या तारेला चिकटून मेलेले एक वाघूळ आम्ही एकदा प्रयोगशाळेत आणले होते. त्याचा पंख खिडकीसमोर धरला तेव्हा मुलांना एकदम गप्प झालेले मी पाहिले, कारण समोर चक्क एक हात दिसत होता. आखूड दंड, लांबलचक कोपराखालचे हाड, मनगट, आणि तिथून छत्रीच्या काड्यांसारखी पसरलेली चार बोटे. अंगठा पडद्यात गुंतलेला नसतो. तो मोकळा आणि नखाचा असतो, आणि फळवाघळाच्या दुसऱ्या बोटालाही छोटे नख असते. बोटांच्या मधला पडदा म्हणजे दोन पदरांची पातळ त्वचा आहे. तिच्यात रक्तवाहिन्यांची जाळी आणि दोऱ्यांसारखे बारीक स्नायू उजेडात स्पष्ट दिसतात. या स्नायूंनी वाघूळ उडतानाच पडदा कमी-अधिक ताणते. असा पडदा काट्यांनी फाटला तरी काही आठवड्यांत भरून येतो.

पाकटाची तबकडी तशीच उजेडात धरून पाहता येणार नाही, ती मांसल असते. पण बाजारात पाकट कापणारी बाई सुरी चालवते तेव्हा कान देऊन ऐकावे : सुरी कडेकडे जाताना एकसारखी करकर वाजते. ती करकर शेकडो कूर्चांच्या काड्यांची असते. पाकटाच्या अंगात हाड नाही, सगळा सांगाडा कूर्चेचा आहे, आणि त्या कूर्चेवर कॅल्शियम फॉस्फेटच्या बारीक फरश्यांचा थर चढलेला असतो. खांद्याच्या पट्ट्यापासून निघणाऱ्या तीन आधारकूर्चांवर या काड्या पंख्यासारख्या लागलेल्या असतात आणि पुढच्या बाजूच्या काड्या डोक्याच्याही पुढे जाऊन दोन्हीकडून एकत्र येतात, म्हणूनच पाकटाचे डोके निराळे दिसत नाही. वाघळाचा हात पाच बोटांचा हिशेब सोडत नाही, त्याने फक्त बोटे लांबवली. पाकटाने बोटे कधी केलीच नाहीत; त्याने पर पुढे-मागे वाढवत नेऊन डोके आणि धड त्यात सामावून घेतले.

मग हा एकच अवयव मानायचा का? माझे उत्तर असे की, प्रश्न कोणत्या पातळीवर विचारला आहे ते आधी पाहावे लागेल. कणा असलेल्या प्राण्याच्या छातीजवळची, पुढची जोडअवयवांची जोडी या अर्थाने वाघळाचा हात आणि पाकटाचा पर यांचे मूळ एकच आहे. इथे रचनासादृश्य आहे आणि ते नाकारणे चूक ठरेल. "पंख" या अर्थाने मात्र दोन्ही स्वतंत्रपणे घडलेले आहेत. इथे आहे ते कार्यसादृश्य. परीक्षेच्या उत्तरपत्रिकेत मुले यांपैकी एकच शब्द लिहून मोकळी होतात आणि तपासणारेही एकालाच गुण देतात, याची मला नेहमी खंत वाटत आली आहे.

गर्भाची वाढ पाहिली तर हे दोन निरनिराळे मार्ग आणखी स्पष्ट होतात. आपल्या सर्वांच्याच बोटांच्या मध्ये गर्भावस्थेत पडदा असतो आणि त्यातील पेशी ठरल्या वेळी मरून बोटे सुटी होतात. वाघळाच्या हातात मात्र ही मरणाची आज्ञा अडवणारी प्रथिने तिथेच तयार होतात, त्यामुळे पडदा टिकतो. पायाची बोटे मात्र आपल्यासारखीच सुटी होतात. पाकटाचा जवळचा भाऊबंद असलेल्या स्केट नावाच्या माशाच्या गर्भावर झालेल्या अभ्यासात निराळेच आढळले : परात वाढीचे नेहमीचे एक केंद्र असतेच, पण पुढच्या कडेला दुसरे केंद्रही चालू होते आणि पर डोक्याच्या दिशेने वाढत जातो. एकाने जे पुसायचे ते पुसले नाही आणि दुसऱ्याने आणखी एक दिवा लावला, असे मी वर्गात सांगत असे.

पोहणे आणि उडणे यांतही लोक समजतात तेवढे साम्य नाही. वाघूळ पंख खाली मारते, वर नेताना ते अर्धवट मिटून घेते आणि पुन्हा उघडते. झालरवाला पाकट पंख मारतच नाही. त्याच्या तबकडीच्या कडेवरून पुढून मागे लाट जाते, वाऱ्यावर पदराचा काठ हलतो तशी, आणि त्या लाटेने पाणी मागे ढकलले जाते. पक्ष्यासारखे पर वरखाली मारत जाणारे पाकटही आहेत, पण ते चोच असल्यासारख्या तोंडाचे गरुडपाकट आणि अजस्र मांटा. ते तळ सोडून मोकळ्या पाण्यात फिरतात. मुलाच्या वहीतील पाकटाचे पर टोकदार त्रिकोणी आहेत आणि तोंड पुढे आले आहे, त्यामुळे त्याने बहुधा गरुडपाकट पाहिला असावा. बाईंनी त्याला हे जरूर विचारावे. निरीक्षण बरोबर आणि नाव चुकीचे, असे मुलांच्या बाबतीत अनेकदा होते.

नात्याचा प्रश्न मला सर्वांत आवडतो, कारण त्याचे उत्तर बाजारातल्या टोपलीलाच धक्का देते. कूर्चेचे मासे आणि हाडाचे मासे यांच्या वाटा ४२ कोटी वर्षांहून आधी वेगळ्या झाल्या. पाकट आणि मुशी कूर्चेच्या शाखेत राहिले. हाडाच्या शाखेतून एकीकडे बांगडा, सुरमई, पापलेट निघाले, आणि दुसरीकडे चार पायांचे प्राणी, म्हणजे बेडूक, साप, पक्षी, आपण आणि वाघूळ. याचा अर्थ बांगडा हा पाकटाला जितका जवळचा, त्यापेक्षा वाघळाला अधिक जवळचा आहे. एकाच टोपलीत पडलेले बांगडा आणि पाकट हे नात्याने परके आणि वडावर लटकलेले वाघूळ बांगड्याच्या गोतातले, हे ऐकून कोळणीच काय, पदवीचे विद्यार्थीही हसतात. पण वस्तुस्थिती तीच आहे. पाकट आणि वाघूळ यांच्यात जेवढे अंतर आहे, तेवढेच पाकट आणि आपल्यातही आहे.

तरीसुद्धा हे दोन्ही घराणी एका ठिकाणी सापडतात. अमेरिकेतील वायोमिंग राज्याच्या नैर्ऋत्येला ग्रीन रिव्हर नावाने ओळखले जाणारे खडक आहेत. सुमारे ५ कोटी २० लाख वर्षांपूर्वीच्या एका तळ्याचा तो गाळ आहे. त्या पातळ थरांत हेलिओबॅटिस नावाचा गोड्या पाण्यातील पाकट शेपटीच्या काट्यासकट सापडतो, आणि त्याच तळ्याच्या गाळात इकॅरोनिक्टेरिस आणि ऑनिकोनिक्टेरिस ही जगातील सर्वांत जुन्या वाघळांपैकी दोन वाघळेही सापडली आहेत. ऑनिकोनिक्टेरिसचे वर्णन २००८ साली प्रसिद्ध झाले. त्याच्या पाचही बोटांना नखे होती, म्हणजे पंख पुरता तयार होता, तरी हातपण अजून पूर्ण सुटलेले नव्हते. त्या काळातही पाकट जवळजवळ आजच्यासारखाच दिसत होता.

ज्ञानेंद्रियांविषयी एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. "वाघूळ आंधळे असते आणि आवाजाच्या प्रतिध्वनीवर चालते" हे वाक्य फळवाघळाला दोन्ही बाजूंनी लागू होत नाही. प्रतिध्वनीची विद्या कीटक खाणाऱ्या लहान वाघळांची आहे. टेरोपसला ती येत नाही. त्याचे डोळे मोठे आणि अंधुक उजेडात उत्तम चालणारे असतात, आणि पिकल्या फळाचा वास त्याला लांबून येतो. डोळ्यांपलीकडचे इंद्रिय खरोखर आहे ते पाकटाला. त्याचे डोळे पाठीवर आणि तोंड पोटाकडे, त्यामुळे जे खातो ते त्याला दिसतच नाही. वाळूत दडलेल्या कोलंबीच्या किंवा शिंपल्यातील जिवाच्या शरीराभोवती जे अतिक्षीण विद्युतक्षेत्र असते, ते पाकटाच्या तोंडाभोवतीच्या चिकट द्रवाने भरलेल्या सूक्ष्म नळ्यांना जाणवते. पाकट उलटा करून पाहिला तर त्या नळ्यांची तोंडे टाचणीने टोचल्यासारखी दिसतात. वाळूत पुरलेला असताना श्वासासाठी लागणारे पाणी तो डोळ्यांमागील दोन छिद्रांतून आत घेतो. ताज्या माशाची ती छिद्रे उघडमीट करताना पाहता येतात, आणि मुले त्यांनाच कान समजतात.

आहारावर जास्त लिहिण्याची गरज नाही. पाकट फरशीसारख्या सपाट दातांनी खेकडे, कोलंबी आणि शिंपले फोडतो. वाघूळ फळ टाळूवरच्या कंगोऱ्यांवर दाबून रस गिळते आणि चोथा थुंकते. उंडीच्या आणि जंगली बदामाच्या बिया जिथे झाड नाही तिथे पडलेल्या दिसल्या तर वर पाहावे.

खरे साम्य मला जिथे दिसते, तिथे शाळकरी तक्ता पोहोचतच नाही, आणि ते म्हणजे पिल्लू. दोघेही अंडी घालत नाहीत. वाघळाची मादी साधारण पाच महिने गर्भ वाढवून वर्षाला बहुधा एकच पिल्लू देते. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे या काळात अशा माद्या पोटाला पिल्लू चिकटवून उडताना दिसतात. पाकटाच्या गर्भाला आधी बलक पुरतो. तो संपत आला की मादीच्या गर्भाशयाच्या भिंतीवर वाढलेल्या रेशमी गोंड्यांसारख्या तंतूंतून पांढरट, स्निग्धांश असलेला द्रव झिरपू लागतो आणि गर्भ त्यावर वाढतो. शास्त्रज्ञही त्याला गर्भाशयातील दूधच म्हणतात. वाघळाचे दूध स्तनातून आणि जन्मानंतर, पाकटाचे गर्भाशयातून आणि जन्माआधी, एवढाच फरक. मालवणच्या किनाऱ्यावर एकदा कापलेल्या पाकटाच्या पोटातून विड्यासारखे गुंडाळलेले एक पूर्ण वाढलेले पिल्लू निघाले. मी ते पाण्याच्या घमेल्यात सोडले, तेव्हा त्याने दोन्ही पर हळूहळू उलगडले. शेपटीचा काटा मऊ आवरणात होता, आईला आतून इजा होऊ नये म्हणून. रापणीतील एक म्हातारे मच्छीमार ते पाहून म्हणाले, "ह्याका सोडा, सर, ह्या समुद्राचा." आणि त्यांनीच ते उचलून लाटेत सोडले.

एक किंवा मोजकीच पिल्ले देणारा प्राणी लवकर संपतो. बांगड्यासारखी लाखो अंडी त्याच्या हिशेबात नसतात. पाकट मुख्यतः ट्रॉलरच्या जाळ्यात कोलंबीबरोबर येतो. आपल्या १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने २००१ पासून काही मोजक्या मुशी-पाकटांना पहिल्या अनुसूचीत घेतले, पण बहुतेक पाकट त्या यादीबाहेरच राहिले. फळवाघळांची गत तर उलटीच होती : त्याच कायद्यात ती अनेक दशके उंदीर आणि कावळ्यांच्या जोडीला उपद्रवी प्राण्यांच्या अनुसूचीत होती. २०२२ च्या दुरुस्तीने ती अनुसूचीच काढून टाकली, हे फार उशिरा सुचले, असे माझे मत आहे.

शेवटचा प्रश्न धोक्याचा. पाकट हल्ला करत नाही, पण वाळूत दडलेल्या पाकटावर पाय पडला तर शेपूट वर उसळते. झालरवाल्या पाकटाचा काटा शेपटीच्या बुंध्यापासून बराच मागे असतो, म्हणून तो धरणाऱ्याच्या हातापर्यंत सहज पोहोचतो, आणि जाळ्यातून काढताच मच्छीमार आधी शेपूट तोडतात ते याचसाठी. काट्याच्या कडा करवतीसारख्या असतात आणि त्याच्या खोबणीत विषारी ऊती असते. काटा पायात गेला तर जखम स्वच्छ करून, भाजणार नाही पण सोसेल एवढ्या गरम पाण्यात, म्हणजे सुमारे ४५ अंशांपर्यंतच्या, पाय अर्धा ते दीड तास बुडवून ठेवावा. विष प्रथिनांचे असल्याने उष्णतेने त्याचा जोर कमी होतो आणि वेदना उतरतात. पाणी आधी दुसऱ्याने हाताने पाहावे, कारण दुखऱ्या पायाला चटका कळत नाही. त्यानंतर डॉक्टरांकडे जावे, कारण काट्याचे तुकडे आत राहतात, आणि धनुर्वाताचे इंजेक्शनही घ्यावे. छातीत, पोटात किंवा मानेत काटा घुसला असेल तर तो जागीच ठेवून रुग्णालय गाठावे. वन्यप्राण्यांवरील दूरचित्रवाणी कार्यक्रमांसाठी प्रसिद्ध असलेले ऑस्ट्रेलियाचे स्टीव्ह आयर्विन २००६ साली गेले ते छातीत काटा घुसल्यामुळे. उथळ पाण्यात चालताना पाय उचलून न टाकता वाळूत घासत न्यावेत, म्हणजे पाकट आधीच सरकतो.

वाघळाला काटा नाही, विष नाही, आणि ते केसांत अडकत नाही. त्याच्याकडून धोका आहे तो न दिसणारा : निपाह विषाणूचे नैसर्गिक वसतिस्थान टेरोपस वाघळे आहेत. १९९८-९९ मध्ये मलेशियात तो विषाणू ओळखला गेला, २००१ मध्ये सिलिगुडीत आणि २०१८ मध्ये कोझिकोडला त्याने माणसे दगावली. महाबळेश्वरच्या एका गुहेतील निराळ्या जातीच्या वाघळांतही पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेला त्याच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या आहेत. म्हणून अर्धवट खाल्लेले फळ उचलून खाऊ नये, जमिनीवर पडलेल्या वाघळाला उघड्या हाताने शिवू नये, आणि चावलेच तर रेबीजची लस घेण्यासाठी थांबू नये. वड तोडणे किंवा वसाहतीवर फटाके उडवणे हा उपाय नव्हे. हुसकावलेली वाघळे गावातच दुसऱ्या झाडावर बसतात आणि घाबरलेला प्राणी विषाणू अधिक सांडण्याचीच भीती असते.

त्या मुलाला चित्रे पुन्हा काढायला सांगावीत आणि दोन्ही एकाच मापात काढायला सांगावीत. वाघळाच्या पडद्यात बोटे मोजून दाखवावीत, पाकटाच्या तबकडीत काड्या भराव्यात, आणि पाकट एकदा पाठीकडून, एकदा पोटाकडून काढावा. तिसरे चित्र बांगड्याचे असावे. नात्याची रेघ त्याच्यापासून कुणाकडे ओढायची, ते त्याने स्वतः ठरवावे. आजींचा शब्द खोडू नये. त्यांनी आकार पाहून नाव ठेवले आहे आणि आकार त्यांनी बरोबर पाहिला आहे.